माणूस ही खुंटी नव्हे

गेल्या मार्च महिन्यातील गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी सायंकाळी घरी आला. महाविद्यालयात असताना तो आमच्यापाशी इंग्रजी काव्य शिकला. परंतु त्याचा खरा ओढा कॅमेऱ्याकडे. पदवी हाती पडताच त्याने छायाचित्रणाचा व्यवसाय पत्करला, आणि त्यात त्याचे नाव होत आहे हे ऐकून आम्हांस आनंदच होत असे. त्या दिवशी त्याने आपली नवी चित्रे दाखविण्यासाठी आणली होती. एका पेढीसाठी त्याने पैठणीची चित्रे काढली होती. आणि ती स्टुडिओत, वाड्याच्या चौकात किंवा देवळाच्या ओवरीत न काढता रायगड जिल्ह्यातील एका वीटभट्टीवर काढली होती.

चित्र सुंदर होते, हे आधीच सांगून टाकतो. मोरपंखी पैठणी नेसलेली एक तरुणी विटांच्या थप्पीवर उभी आहे. मावळतीचे ऊन जरीच्या पदरावर पडले आहे. मागे भट्टीचा धूर, आणि त्या धुरात किंचित पुसट अशी, डोक्यावर विटा तोलीत चाललेली एक बाई. घरातील सर्व मंडळींनी वाहवा केली, आम्हीही केली. मग सहज विचारले, "ही मागची बाई कोण रे?"

"तिथलीच कामकरीण आहे, सर. तिच्यामुळे चित्राला पोत आला."

"तिचे नाव काय?"

तो घोटाळला. नाव त्यास ठाऊक नव्हते. पैठणी कोणत्या पेढीची, दागिने कोणाचे, केशभूषा कोणी केली, उभी राहिलेली तरुणी कोण, हे सर्व चित्राखाली छापावयाचे ठरले होते. नाव नव्हते ते एकट्या तिचे. भट्टीवर चित्रे काढण्याची परवानगी घेतली होती काय, असे विचारता तो म्हणाला, "हो, मुकादमाच्या हातावर पाचशे रुपये ठेवले." म्हणजे परवानगी घेतली होती, परंतु जिचे चित्र काढावयाचे तिची नव्हे!

त्या सायंकाळी आमचा बराच वाद झाला. तो वाद केवळ आमच्या बैठकीपुरता नाही, आणि आमचा विद्यार्थी हा त्यातील एकटा अपराधी तर नव्हेच, असे वाटल्यावरून तो आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम एका गैरसमजाची वाट बंद केली पाहिजे. पैठणी वीटभट्टीवर नेली हाच मुळी अपराध, असे म्हणणारे काही सद्गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. भरजरी वस्त्राची जागा लग्नमंडपात. ते धुळीत नेणे हे अनौचित्य, असा त्यांचा निवाडा. औचित्याचे नाव निघाले की क्षेमेंद्राची आठवण व्हावयाचीच. अकराव्या शतकातील या काश्मीरी पंडिताने औचित्य हे काव्याचे जीवित मानले, आणि ते समजावून देताना नेमका वेषभूषेचाच दृष्टांत घेतला: मेखला गळ्यात अडकविली आणि हार कमरेला बांधला तर लोक हसणार नाहीत काय? परंतु या दृष्टांताचा आधार घेऊन पैठणीला मंडपात कोंडणाऱ्यांनी आपल्याच साहित्यशास्त्राचे दुसरे पान उलटलेले दिसत नाही. ज्यांचा मेळ बसत नाही अशा दोन गोष्टी एकत्र आणण्याला आलंकारिकांनी दोष म्हटले नाही. 'विषम' नावाचा एक अलंकारच मानला. तेव्हा विसंगती ही स्वतः गुन्हेगार नव्हे. ती काय सांगते आणि कोणाच्या जिवावर सांगते, एवढाच प्रश्न आहे.

वस्त्रांच्या छायाचित्रणाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसून येते. पहिल्या काळात ही कला बहुतांशी घरकोंबडीच होती. १९११ साली एडवर्ड स्टायकेन याने पॅरिसमध्ये पॉल प्वारे या शिंप्याच्या पोशाखांची जी चित्रे काढली, त्यांना या कलेचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. आणि पुढे कित्येक वर्षे स्टुडिओतील दिवे, कृत्रिम खांब व निश्चल उभ्या स्त्रिया हाच तिचा संसार होता. शर्यतीच्या मैदानावर धनिक स्त्रियांची चित्रे काढली जात, नाही असे नाही. पण तेथे उंची पोशाख अपेक्षितच असे. या संसाराला खरा धक्का बसला तो १९३३ साली. 'हार्पर्स बझार' या अमेरिकन मासिकातील कार्मेल स्नो या संपादिकेने मार्टिन मुंकाची नावाच्या, खेळांची चित्रे काढून नावारूपास आलेल्या हंगेरियन छायाचित्रकाराला एक काम दिले. नोव्हेंबरातल्या थंडीत लाँग आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने पोहण्याचा पोशाख घातलेल्या तरुणीला उभे राहावयास न सांगता धावावयास लावले. त्यास इंग्रजी फारसे येत नव्हते. हे सारे त्याने हातवाऱ्यांनी समजाविले, असे सांगतात. डिसेंबरच्या अंकात ते चित्र छापून आले, आणि वस्त्राच्या चित्रात वारा शिरला. येथे किनारा हा नुसता पडदा नव्हता. किनारा होता म्हणून ती धावली, आणि ती धावली म्हणून अंगावरचा झगा फडकला. स्थळाने चित्रात काम केले. अनपेक्षित स्थळ निवडण्याचे पहिले समर्थन आम्ही यातच मानतो.

दुसरे समर्थन याहून गंभीर आहे. १९४१ साली लंडन जर्मन बाँबहल्ल्यांनी पोळून निघाले होते. शहरातील टेंपल ही वकिलांची शतकानुशतकांची वसाहत. आपल्या गांधीजींनी ज्या इनर टेंपलमधून बॅरिस्टरीची सनद घेतली तेही याच आवारातले. हल्ल्यांत या आवाराची मोठी पडझड झाली. त्या पडक्या भिंतींत सेसिल बीटन याने 'व्होग'साठी एक चित्र घेतले. डिग्बी मॉर्टन याने बेतलेला नीटस कोट-झगा घातलेली एक स्त्री आपल्याकडे पाठ करून उभी आहे; तिचे तोंड त्या भग्नावशेषांकडे आहे. फॅशन अविनाशी आहे, अशा अर्थाचे नाव त्या चित्राला मिळाले. नाव थोडे बढाईखोर वाटेल. परंतु चित्र बढाईखोर नाही. त्याच वर्षी १ जूनपासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर नियंत्रण आले होते. प्रौढ माणसाला पहिल्या वर्षाला ६६ कुपने, आणि त्यांतच कोटापासून मोज्यांपर्यंत सर्व भागवावयाचे. चित्र काढणारा त्याच शहरातला, ज्या मासिकात ते छापले तेही तेथलेच, आणि ते पाहणारे वाचकही रात्री तळघरात काढून सकाळी इस्त्रीचे कपडे घालून कामावर जाणारे. ज्याचे घर जळले त्यानेच राखेत उभे राहून आपली टोपी नीट करावी, तसा हा प्रकार आहे. त्यात दुसऱ्याचे दुःख उसने आणलेले नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. बीटनच्या चित्रातील स्त्री पडझडीकडे पाहते आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रातील तरुणीची भट्टीकडे पाठ आहे. ती आपल्याकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, पाहते आहे. दोन चित्रांतील सारा भेद या पाठीच्या दिशेत आला असे आम्हांस वाटते.

युद्ध संपले, विमानाचा प्रवास सुलभ झाला, आणि छायाचित्रकारांना जगाचे अंगण मोकळे झाले. १९५५ साली रिचर्ड ॲव्हेडन याने पॅरिसच्या सर्कशीत डोव्हिमा या प्रसिद्ध मॉडेलला दियॉरचा काळा झगा घालून हत्तींच्या मध्ये उभे केले. ते चित्र जगप्रसिद्ध झाले, आणि होण्याजोगेच होते. तरी त्या चित्रातील हत्तींच्या पायांकडे एकदा पाहावे. तेथे साखळ्या दिसतात. ॲव्हेडनने त्या लपविल्या नाहीत, हा त्याचा प्रामाणिकपणा. परंतु झग्याच्या रेशमी पट्ट्यावरून नजर काढून त्या साखळीवर नेणारे प्रेक्षक किती निघतील? पुढच्याच वर्षी, १९५६ साली, नॉर्मन पार्किन्सन हा इंग्लंडहून 'व्होग'साठी हिंदुस्थानात आला. जयपूरच्या राजवाड्यापाशी हत्तीसमोर गुलाबी कोट घालून उभी असलेली ॲन गनिंग हे त्याचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. चित्र मनोहर आहे. त्यात कोणाचा अपमान केला आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि दूरदेश म्हणजे रंगीत पडदा, त्यातील हत्ती, भिंती आणि माणसे ही सर्व पडद्याचीच चित्रकारी, अशी वहिवाट अशा सफरींतून पडत गेली हे नाकबूल करता येणार नाही. आणि वहिवाट एकदा पडली की तिच्यावरून घरचे लोकही चालू लागतात.

घरच्या लोकांनी ही वहिवाट कोठवर नेली याचे उदाहरण २००८ सालचे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या अंकात 'व्होग'च्या भारतीय आवृत्तीने एक चित्रमाला छापली. तीत धनिक स्त्रिया नव्हत्या. साधी, बहुतेक गरीब माणसे होती. दात पडलेल्या एका वृद्धेच्या कडेवरील मुलाच्या गळ्यात फेंडी या पेढीचे लाळेरे. किंमत सुमारे १०० डॉलर. एका अनवाणी म्हाताऱ्याच्या हातात बर्बेरीची छत्री. सुमारे २०० डॉलर. मोटारसायकलवर दाटीने बसलेले तिघांचे एक कुटुंब, आणि त्यातील आईच्या हातात एर्मेसची बर्किन पिशवी. दहा हजार डॉलरांच्या वरची. चित्रांखाली पेढ्यांची नावे होती. माणसांची नावे नव्हती. तेथे नुसती 'एक बाई', 'एक पुरुष'!

हे छापले गेले त्याच सुमारास जागतिक बँकेने आपले अंदाज प्रसिद्ध केले होते. २००५ साली भारतातील सुमारे ४५ कोटी माणसे दिवसाला सव्वा डॉलरहून कमी खर्चात जगत होती, असे त्यांत म्हटले होते. हिशेब कोणीही करावा. दिवसाला सव्वा डॉलर याप्रमाणे दहा हजार डॉलरांची ती एक पिशवी घ्यावयाची तर पोटाला काहीही न खाता जवळजवळ बावीस वर्षे शिल्लक टाकीत बसावे लागेल.

या चित्रांवर टीका झाली तेव्हा संपादिकेने दिलेली उत्तरे विचारात घेण्याजोगी आहेत, कारण आमच्या विद्यार्थ्याचीही उत्तरे थोड्याफार फरकाने तीच होती. पहिले उत्तर असे की, फॅशन ही आता श्रीमंतांची मिरास राहिलेली नाही. ती कोणालाही शोभते, हेच या चित्रांतून दाखवावयाचे होते. उत्तर ऐकण्यास गोड आहे. परंतु 'कोणालाही शोभते' आणि 'कोणालाही मिळते' यांत जे अंतर आहे ते या वाक्याने गिळून टाकले. चित्र संपल्यावर ती छत्री म्हाताऱ्यापाशी राहावयाची होती काय? छत्री कपाटात परत जाणार आणि म्हातारा उन्हात परत जाणार हे ठाऊक असताना, शोभण्याची समता दाखविणे ही समतेची थट्टा होय.

दुसरे उत्तर असे की, फॅशनकडे इतक्या गंभीरपणे पाहू नये. हे उत्तर तर आम्हांस मुळीच पटत नाही. ज्या व्यवसायात गुंडी कोठे असावी यावर तास तास खल होतो, पदराची चुणी मनासारखी पडेपर्यंत पन्नास वेळा कॅमेरा चालतो, त्या व्यवसायातील माणसांना माणसाविषयी प्रश्न विचारताच एकाएकी विनोदबुद्धी कशी सुचते? गुंडीपुरते गंभीर आणि माणसापुरते खेळकर, असा हा गमतीचा न्याय आहे.

तिसरे उत्तर आमच्या विद्यार्थ्याचे स्वतःचे. तो म्हणाला, "सर, तुम्ही कलेला नीतीचे कुंपण घालता." मराठी वाचकांना हे भांडण नवे नाही. फडके आणि खांडेकर यांच्या नावांनी कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद आपल्याकडे इतका गाजला की त्याचा आता शीण यावा. आम्ही येथे त्या वादातील कोणत्याच पक्षाची वकिली करीत नाही. आमचे म्हणणे कलेच्या आतले आहे. ज्या चित्रकाराने चित्रातील एक चतुर्थांश जागा एका बाईला दिली आणि तिच्याकडे पाहिलेच नाही, त्याचे चित्र नीतीच्या दृष्टीने कसे आहे हे राहू द्या. चित्र म्हणून ते अपुरे आहे. ती बाई कोणत्या पायावर भार देते, चुंबळ कशी वळते, विटा उतरविताना मान कशी सावरते, हे त्याने टिपले असते तर पैठणीची ऐट आणि त्या मानेची ऐट यांचा खरा सामना चित्रात उभा राहिला असता. तो तर 'विषम' अलंकार झाला असता! आता जे झाले आहे ते असे की, तिच्या जागी दुसरी कोणीही बाई चालवा, चित्रात काही फरक पडत नाही. कपडे टांगावयाची खुंटी सागवानी की बाभळीची, हे टांगणारा पाहत नसतो. येथे वस्त्र तिच्या अंगावर टांगलेले नाही, शेजारच्या अंगावर आहे, इतकाच फरक. परंतु ज्या दारिद्र्यावर पैठणीची झळाळी टांगली ते दारिद्र्य तिचे आहे.

आणि ते दारिद्र्य आकाशातून पडलेले नाही. ठाणे-रायगडकडील भट्ट्यांवर पुष्कळशी कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की येतात. येण्यापूर्वी ती मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर विटा थापून ती फेडीत राहतात. हंगाम संपला तरी पुष्कळदा उचल संपत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यावे लागते. पोरे तेथेच मातीत वाढतात. शाळा गावी राहते. ज्यास 'पोत' म्हणावयाचे तो या व्यवहारातून आलेला आहे. तो फुकटचा समजून उचलणे हे कलेचे स्वातंत्र्य नव्हे. तो फक्त आणखी एक मुकादम झाला.

कोणी म्हणेल, नाव छापल्याने तिची उचल फिटणार आहे काय? नाही फिटणार. चित्राने समाजक्रांती होते अशा भ्रमात राहण्याचे आमचे वय नाही. परंतु उचल फिटत नाही म्हणून नावही पुसावे, हा कोठला तर्क? आणि खरे बोलावयाचे तर पैठणी विणणाऱ्याचे नाव तरी कोठे होते? पेढीचे होते. येवल्याच्या वा पैठणच्या ज्या मागावर कोणी महिनोन् महिने त्या पदरावरचे मोर विणले, तो विणकरही त्या भट्टीवाल्या बाईइतकाच निनावी राहिला.

हे सर्व लिहिताना आम्ही स्वतःला न्यायासनावर बसवून घेतलेले नाही. आमच्या घरी वडिलांच्या काळचे एक कुटुंबचित्र आहे. मधोमध आजोबा खुर्चीवर, भोवती लेकी-सुना, पुढे बसलेली मुले, आणि अगदी कडेला एक धाकटे मूल कडेवर घेऊन उभी असलेली एक बाई. मागल्या बाजूस वडिलांनी सुवाच्य अक्षरात सर्वांची नावे लिहून ठेवली आहेत. ज्या मुलाला तिने धरले आहे त्याचेही नाव आहे. तिच्या नावाच्या जागी 'बाई' एवढाच शब्द. २००८ सालच्या त्या मासिकावर आम्ही तोंड भरून टीका करीत होतो तेव्हा हे चित्र आमच्याच दिवाणखान्यात टांगलेले होते. तिचे नाव सांगू शकेल असे आता घरात कोणी उरले नाही. अशी चित्रे या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरी असतील. अद्याप कोणी सांगणारे असेल तर त्यांनी आजच विचारून घ्यावे.

पंधरा दिवसांनी आमच्या विद्यार्थ्याचा फोन आला. चित्राची एक प्रत घेऊन तो पुन्हा भट्टीवर गेला होता. हंगाम संपला नव्हता, म्हणून ती बाई भेटली. तिने चित्र हातात धरून बराच वेळ पाहिले, पैठणीचे कौतुक केले, आणि विचारले, "यात मी कुठं?" त्याने बोट ठेवून दाखविले तेव्हा तिने मान हलविली, तिला ते पटले की नाही हे त्यास कळले नाही. नाव मात्र त्याने विचारून आणले. ते आम्ही येथे छापीत नाही, कारण तशी तिची संमती आमच्यापाशी नाही, आणि इतके लिहून झाल्यावर तीच चूक आम्हीही करणे बरे दिसणार नाही.

तेव्हा आमच्या तरुण छायाचित्रकारांना आमचे सांगणे थोडे आहे. खुशाल बाहेर पडा. भट्टीवर जा, बंदरावर जा, खाणीत जा, एस. टी. च्या आगारात जा. पैठणी काय, दियॉरचा झगाही घेऊन जा. परंतु चित्रात जो माणूस येईल त्यास आधी विचारा, त्याच्या मालकाला नव्हे. उभ्या राहिलेल्या तरुणीला जसा वेळेचा मोबदला देता तसा त्यासही द्या. इतर नावे छापणार असाल तर त्याच्या संमतीने त्याचेही छापा. आणि चित्र झाल्यावर एक प्रत त्याच्या हाती नेऊन द्या. ती पाहून त्याला 'यात मी कुठं?' असे विचारावे लागले, तर चित्र पुन्हा काढा.